मराठीवाली स्टेप

ठाण्यात माजिवड्याला आमचं ऑफिस. कारखान्यांच्या गोदामांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो आणि ते कसं वापरायचं याचं मॅन्युअल चार भाषांत काढतो. त्यातली मराठी माझ्याकडे. आम्ही लिहिलेल्या मजकुराची वेबसाइटवरची पानं आणि पीडीएफ बनवणारी यंत्रणा इतकी जुनी झालेली, की ती ज्यावर चालायची तो कॉम्प्युटर बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. ती यंत्रणा बदलायला तिशीतली एक इंजिनिअर आली. कल्याणची, कामापुरतं बोलणारी.

मला तिचा पहिल्यापासून संशय होता. याआधीच्या एका सुधारणेत कन्नड गेली होती. कुणी बंद केली असंही नाही. नवी वेबसाइट आली आणि भाषांच्या यादीत कन्नड नव्हती. कन्नडचं काम करणाऱ्या बाईंना ते एका ग्राहकाच्या फोनवरून कळलं.

आल्या आल्या या इंजिनिअरने मला विचारलं, "मॅडम, मराठी पानं कोण वाचतं, काही कळतं का आपल्याला?"

"वाचतात की. का गं?"

"असंच."

असंच कुणी असं विचारत नाही. मग एकदा पॅन्ट्रीत ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही रे, ती मराठीवाली स्टेप मी काढूनच टाकते. कुणाला कळणारपण नाही." मी चहा तसाच ठेवून जागेवर आले आणि मराठीच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

चाचणीची आवृत्ती आली तेव्हा मराठी यादीत होती, तीही सगळ्यात वर. मला ते आणखीच खटकलं. मानपाड्याला घरी, रविवारी सकाळी, मी एकेक पान वाचत बसले. तिसऱ्याच पानावर 'दुसर्या कर्मचार्याने' असं छापलेलं. पुढे 'येणार्या मालाची नोंद'. जिथे जिथे 'ऱ्य' हवा, तिथे तिथे रफार चढलेला.

सोमवारी मी प्रिंट तिच्या टेबलावर ठेवली. "ही तुझी काढून टाकलेली स्टेप का?"

ती दचकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. पॅन्ट्रीत."

तिने प्रिंट नीट पाहिली, मग जुनी यंत्रणा उघडली. पूर्वी आमच्या कीबोर्डवर 'ऱ्य' उमटवायला र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह टाकावं लागे. नवी यंत्रणा अशी चिन्हं कचरा समजून झाडून टाकत होती. जुन्या यंत्रणेतली मराठीवाली स्टेप ही चिन्हं जपायची.

"कशासाठी आहे ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, उगाच राहून गेलेलं काहीतरी आहे. मूळ फाइलींत ते चिन्ह अजून आहे ना?"

"आहे. माझ्याकडे कॉपीपण आहे."

"कॉपी कशाला घेतलेली?"

मी प्रिंटवरची पुढची चूक तिला दाखवली. दोन दिवस शेजारी बसून आम्ही मूळ मजकुरातच सगळीकडे सरळ 'ऱ' घातला, म्हणजे त्या चिन्हाची गरजच उरली नाही.

तरी मन स्वस्थ होईना. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, "मराठी बंद करायचा विचार आहे का?"

"असं कोण म्हणालं?" साहेब म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. हे काही 'नाही' नव्हतं.

बाहेर येऊन मी तिला ते सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि यंत्रणेत चार ओळी जोडल्या. चारांपैकी एक जरी भाषा गळाली, तरी मॅन्युअल तयारच होणार नाही, अशी सोय. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तिने मराठीचा फोल्डर बाजूला काढला आणि बटण दाबलं. लाल ओळ आली, काम थांबलं.

"झालं समाधान?"

"आता हिंदी काढून बघ."

ती हसली, पण तिने हिंदीही काढून बघितली.