न ऐकायला शिकवणारा माणूस

डोळ्यांवर दुपट्टा करकचून बांधून तो महाल भागातल्या आमच्या गल्लीत उतरला, की तुम्हीही हातातलं काम सोडून पाहत राहिला असता. पुढे मैना नावाची लॅब्रेडॉर कुत्री, तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ त्याच्या डाव्या हातात, आणि मागे मी. तो कुठे आदळू नये म्हणून मला सोबत घेतलेलं. पण तोंड उघडायची बंदी. "तू बोलला का मैना तुह्याकडे ध्यान देईन," तो म्हणायचा.

पोलिसांच्या श्वानपथकातून तो निवृत्त झालेला. गल्लीतल्या एका गायनशिक्षिका ताईंना दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी तो मैनेला तयार करत होता. पायरी आली की थांबायचं. लोंबणाऱ्या फळीखालून स्वतःला जाता आलं, तरी माणसाला न्यायचं नाही. तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी ती रेंगाळली, की तो हळूच विचारी, "ड्युटीवर हायेस ना वं?"

वर्षभरात हे सगळं जमलं. "आता एकच राहिलं गा," तो म्हणाला. "माह्यं न ऐकनं."

मला काही कळलं नाही.

मग एका सकाळी चौकाजवळ मैना थबकली. "चाल," तो म्हणाला. ती हलेना. "चाल म्हनतो ना!" ती त्याच्या पायांपुढे आडवी झाली. त्यानं पाऊल उचललं, तर तिनं अंगानं त्याला मागे रेटलं. पुढे गटाराचं झाकण उघडं होतं.

त्यानं दुपट्टा सोडला, खाली पाहिलं आणि भर रस्त्यात बसून तिला कवटाळलं. "झालं," तो म्हणाला. "आता देऊन टाकतो हिले."

ताईंबरोबर मैना छान चालायची. फक्त त्याचं दार आलं की थांबून शेपटी हलवायची.

"असू द्या काका, भेटत जाईल रोज," ताई म्हणाल्या.

"नाही वं बाई. तिचं ध्यान माह्या दाराकडे, अन् तितक्यात गाडी आली तं?"

आठवड्याभरात तो काटोलला बहिणीकडे राहायला निघाला. मी पोचवायला गेलो. चौकात समोरून त्या दोघी येताना दिसल्या. त्यानं मला ओढून एका बंद दुकानाच्या आडोशाला नेलं. मैना रस्त्याच्या कडेला थांबली. एक बस गेली, दोन स्कूटर गेल्या. मग ती ताईंना घेऊन निघाली.

"पार झाल्या काय गा?"

मी वळून पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"झाल्या," मी म्हणालो.

त्यानं पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागला.