तिसरी पायरी

कारखान्याची जुनी शिफ्ट बस आम्ही भंगारातून सोडवून आणली, तेव्हा तिच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. दोन मूळच्या, तिसरी आमच्या टाउनशिपची. ती तिसरी मी कापली. नंतर कुणी विचारलं तर ‘गंजली होती’ म्हणून सांगत आलो. गंजली नव्हती.

टाइम ऑफिसातले एक बाबू आमच्याच स्टॉपवर बस पकडायचे. नागपूरकडचे, पोलिओनं डावा पाय बारीक झालेला. खालची पायरी उंच, त्यामुळे दांड्याला धरून ते स्वतःला वर ओढेपर्यंत बस खोळंबायची. कुणी हात पुढे केला तर झटकायचे. गेटवर उशीर व्हायचाच. मग हेच गृहस्थ आत जाऊन लाल पेन काढणार आणि सगळ्या बसला लेट मार्क देणार. स्वतःलासुद्धा. आमच्या घरी त्यांचं नावच ‘लाल पेन’. वडिलांची बढती त्यांच्यामुळे हुकली, असं आम्ही जेवताना ऐकत वाढलो.

शेवटी वेल्डिंग शॉपच्या लोकांनी वैतागून खाली एक लोखंडी पायरी जोडून टाकली. वडील त्यांतलेच. यात दयामाया काही नव्हती. “चढ म्हणावं एकदाचा,” एवढंच.

आता आमचा जुन्या गाड्यांचा ग्रुप आहे. गेल्या हिवाळ्यात टाउनशिपच्या मैदानावर मेळावा ठरला. बाहेरगावचे जाणकार गाडी मूळ रूपात आहे का ते बघायला येणार होते. तरी ग्रुपमधली पोरं म्हणाली होती, “रहने दो दादा, ये तो अपनी निशानी है।” मीच ऐकलं नाही. ग्राइंडर हातात घेतला तेव्हा मला ते लंगडत येणारे बाबू स्वच्छ आठवत होते. मूळ रूपाचं नाव मी फक्त पुढे केलं.

मेळाव्याला ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात काठी. बसमध्ये जुने कामगार आधीच चढून बसले होते. हबीबगंज स्टेशनपर्यंत एक फेरी होती. स्टेशनचं नवं नाव आमच्या तोंडी अजून बसलेलं नाही. ते दाराशी थांबले, काठीनं खाली चाचपलं.

“तिसरी कुठं गेली रे?”

“मूळ गाडीला दोनच होत्या, काका.”

“मूळ गाडीत मी नव्हतो का?”

आतून कुणी तरी ओरडलं, “आ गए साब! आज फिर लेट कराएँगे!” सगळे हसले. ग्रुपमधला एक पोरगा पुढे होत दोस्तांना म्हणाला, “अरे खाँ, उठा लो इनको, दो जने लगो।”

“हात लावायचा नाही!” काठी वर आली. पोरगं मागे सरलं. मग त्यांनी दांडा धरला, पाय उचलला. पोचला नाही. पुन्हा उचलला. आतलं हसणं थांबलं. मी तिथंच, हातभर अंतरावर उभा होतो. टाकी भरताना उभं राहायला आणलेलं लाकडी खोकं माझ्या मागेच पडलं होतं. ते मी पुढे सरकवलं नाही.

त्यांनी दांडा सोडला. माझ्याकडे नीट बघितलं.

“तू वेल्डरचा मुलगा ना? तुझ्या बापाला मी आवडत नव्हतो. पण पायरी त्यानं पक्की लावली होती.”

मग घड्याळ बघितलं. “जा. लेट झालात.”

मी ड्रायव्हरला हात केला आणि चढलो. बस सुटली. मागच्या काचेतून ते दिसत होते, स्टॉपवर उभे राहायचे तसेच, काठी टेकून.

जाणकारांनी गाडीचं फार कौतुक केलं. ती पायरी माझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. बाबू अजून इथंच तुलसी नगरला मुलीकडे राहतात, वेल्डिंगवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. रोज स्कूटर काढताना पायरीला पाय लागतो. मी ती बाजूला सरकवतो आणि निघतो.