आमचं साडू समुद्रात उतरलं तवा

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा कोल्हापुरात अजून जलमायचा हाय. तरीबी आमच्या साडूंच्या संगट आठवडाभर अंदमानला जायला मी पैल्याच दमात व्हय म्हटलं. साडू म्हंजे माझ्या बायकूच्या धाकट्या भनीचं मालक. शिरोळकडं नदीकाठाला त्येंचं घर आन् ऊस हाय. देवानं माणसाला बसायसाठी बूड दिलंय, ही बातमी आख्ख्या जिल्ह्यात फकस्त ह्येंच्यापतूर पोचल्याली न्हाय. लग्नाला गेलं की अक्षता पडायच्या आदी साडू जेवायच्या मांडवात, जेवान निम्म्यावर आलं की वाढप्याच्या हातातली बादली घिऊन वाढाय, आन् नवरा-नवरी पाया पडाय येस्तवर ह्ये गाडी चालू करून हारन देत्यात. आमच्या घरी आलं की च्या हुब्यानंच. खुर्ची सरकवली तर तिच्या पाठीवर हात ठिवून हुबं ऱ्हात्यात, जणू खुर्चीचं कायतरी दुकतंय आन् ह्ये बगाय आल्यात.

मी दूधवाला. सांजच्याला म्हशी घिऊन कट्ट्यावर बसतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्याम्होरं धार काढून देतो. शाळेत गेलतो, पर शाळेनं मला लवकर वळखलं. बोलायचं मातर कुणी शिकवाय लागलं न्हाय. साडूंनी हुबं ऱ्हायाचं आन् मी त्येंच्यावर चार माणसं हासवायची, आसं आमचं चांगलं चाललंतं. माझी मेव्हणी न हासता च्याचं कप गोळा करायची. मला वाटायचं, हिला इनोद कळत न्हाय.

अंदमानचं तिनंच ठरवलं. निघताना मला बाजूला घिऊन म्हणाली, "दाजी, ह्यास्नी कुटंतरी जरा शांत बसल्यालं बगायचंय मला. तुमी आन् आक्का संगट चला, तेवडंच त्येंचं मन रमंल." मी मिशीवरनं हात फिरवला. म्हटलं, आपल्याबिगार कुणाचं पान हालत न्हाय.

आता पोर्ट ब्लेअर म्हंजे कसं, समुद्रातला एस.टी. स्टँडच. इमानं हितं येत्यात आन् हितनं बोटी धरून माणसं फुडच्या बेटांस्नी जात्यात. कोण पाखरं आन् मगरी बगाय, कोण समुद्राच्या पोटात उतराय. साडूंस्नी गाव एवडं पसंत पडलं की हाटेलात पिशव्या टाकून तसंच धक्क्यावर. दिसंल त्या खलाशाला, "ही कुटं जाती? कवा सुटती?" आपली बोट लागली तशी माणसं जिन्याकडं निघाली. साडूंनी काय करावं? खांद्यावरचा टावेल काढला आन् धक्क्यावरनंच बोटीच्या खिडकीत जागा धरायला फेकला. शिरोळच्या गाडीत आमी सगळी तसंच धरतो की. पर ह्या खिडकीला काच हुती. टावेल काचंवर आपटून गेला समुद्रात. तिकिटावर सीटचा नंबर हाय, आसं खलाशी हिंदीत सांगत हुता. साडू म्हणालं, "नंबर आसू दे की, टावेल बी आसावा." मी लई हासलो. मागनं कळलं, माझा टावेल हुता.

दुसऱ्या दिशी पाखरं बगाय जंगलात. गाईडनं ओठावर बोट ठिवलं. झाडात कायतरी दुर्मीळ पाखरू हुतं, तासभर दम धरला तर दिसंल म्हणाला. दुर्बिणी लावून सगळी दगडागत. साडूंचं आदी एक पाय हालाय लागला, मग दुसरा. शेवटाला त्येंनी दोन हात त्वांडाला लावून, जुंधळ्यावरची पाखरं उठवत्यात तशी हाळी ठोकली, "हुऱ्या... हुऱ्या..." आख्खं जंगल एकदम उडालं. साडू म्हणालं, "बगा की, सगळीच दावली. एकाएकाची वाट कशाला बगायची?" गाईड मटकन खालीच बसला. त्येच्या शेजारी मी बी बसलो, कारण त्या हाळीनं पैलं घाबरून मीच पडलोतो.

तिसऱ्या दिशी समुद्राखाली उतरायचं शिकाय गेलो. मास्तर बंगाली, गडी मायाळू. गुडघ्याएवड्या पाण्यात त्येनं आमच्या डोळ्यांवर आन् नाकावर काचंचा मास्क बसवला, त्वांडात नळी दिली, आन् म्हणाला, हळू श्वास घ्या. मी पाण्यात त्वांड घातलं आन् माझ्या मास्कात समुद्र. साडूंचं बी तसंच. मास्तरानं पट्टा आवळला, पुन्ना समुद्र. मग त्येनं आमच्या मिशांकडं बगितलं. आमच्या दोघांच्या मिशा म्हंजे झुपकं. मिशीतनं पाणी आत शिरत हुतं. "मूँछ निकालनी पड़ेगी," मास्तर म्हणाला, "नहीं तो कल नाव पर बैठे रहना."

मी म्हटलं, माझं जमायचं न्हाय. मिशी काढली तर म्हशी वळखायच्या न्हाईत, धार चोरतील. खरं सांगायचं तर मिशी हाय म्हणून ह्या त्वांडाला त्वांड म्हणायचं. साडूंचा मातर सवालच येगळा. त्येंचं वडील अजून जित्तं हायती, आन् बा जित्ता आसताना पोरानं मिशी उतरवायची न्हाय, ह्ये आमच्याकडं बारकं पोर बी जाणतंय. मी म्हटलं, "चला पावणं, दोन्ही मिशा वाचल्या. समुद्र बी वाचला."

साडू वाळूत हुबं हुतं. पैल्यांदाच पाय हालत नव्हतं. म्हणालं, "पावणं, नदी गावात शिरली त्या मोठ्या पुरात मी माळ्यावर हुतो. खाली माझंच घर बुडल्यालं. सैपाकघर, देवारा, दावणीची जनावरं, सगळं माझ्या पायाखालीच. आन् वरनं बगावं तर नुसतं गढूळ पाणी. काय ऱ्हायलंय, काय गेलंय, दिसंना. तवापास्नं कुटं बी बसलं की वाटतंय, खाली पाणी चढाय लागलंय. हितलं पाणी सोच्छ हाय म्हणत्यात. येकदा पाण्याचा तळ बगू द्या मला."

पुराचं मला ठावं हुतं. साडू बसत न्हाईत ह्ये बी ठावं हुतं. दोन्हीची गाठ मारायची अक्कल मातर मला कवा झाली न्हाई. तरी त्वांड गप बसंना. म्हटलं, "आन् म्हाताऱ्याला काय सांगशीला?"

"मिशी काय, उसागत हाय," साडू म्हणालं. "तोडला तर बुडातनं पुन्ना खोडवा फुटतोय की." आन् चालाय लागलं.

बाजारात एक न्हाव्याचं दुकान गावलं. गावाकडं निम्मी दाढी झाली की उठून ट्रॅक्टर बगाय जाणारा माणूस, त्या खुर्चीत डोळं मिटून बसला. न्हाव्यानं दोनदा इचारलं, "पक्का?" साडूंनी नुसती मान डोलवली. दारात मेव्हणी हुबी हुती. मला वाटलं आता ही भांडण काढणार, सासऱ्याचं नाव घेणार. तिनं आत यिऊन साडूंच्या मानंवरचं केस पदरानं झाडलं आन् म्हणाली, "मामंजींचं मी बगती. तुमी जावा खाली."

सकाळी बोट खोल पाण्यात थांबली. मास्तरानं साडूंच्या पाठीवर हवेची टाकी बांधली, दंडाला धरलं आन् दोघं खाली गेलं. मी बोटीच्या काठाला धरून बसलो, मिशीसकट. पाणी आसं नितळ की खाली साडूंच्या पायातली पवायची निळी रबरी फडकी बी दिसत हुती. लई खाली, पांढऱ्या वाळूवर, साडू गुडघं टेकून थांबलंतं. बाजूनं पिवळ्या माशांचा थवा गेला, मागनं एक कासव गेलं, तरी ह्ये हालनात. मेव्हणी वाकून बगत हुती. तिचा एक हात माझ्या बायकूच्या हातात हुता.

साडू वर आलं. कुणी टावेल दिला त्यो मांडीवर तसाच पडला. उघड्या वठावरनं पाणी गळत हुतं, त्वांड लहान पोरागत दिसत हुतं. नावाड्यानं इंजन चालू केलं, तर साडूंनी हात वर करून बंद कराय लावलं, आन् पाण्याकडं बगत बसून ऱ्हायलं. मेव्हणी हळूच जाऊन त्येंच्या शेजारी बसली. लाटा फळीला लागत हुत्या, तेवडाच आवाज. गप बसायची मला सवं न्हाय. म्हटलं कायतरी बोलावं. बोललो, "काय पावणं, मिशी गावली का खाली?"

साडूंनी वर बगितलं न्हाई. मेव्हणीनं बगितलं.

"दाजी," ती म्हणाली, "मिशी राखून काठाला बसलाईसा न्हवं, मग त्वांड बी राखा."