दादा रोज लढाईला यायचा

“दिसत नाही ना? मग झालं.”

रफूबाईंचं हे ठरलेलं बोलणं. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून, डोळे बारीक करून भोक कुठं होतं ते शोधायला लागलं, की त्या चष्मा कपाळावर सारून एवढंच म्हणायच्या. आणि खरोखर दिसायचं नाही. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागा काढायचा, तो सुईत ओवायचा, आणि एकाखालून, एकावरून असा नेत राहायचा, की कापडाला स्वतःलाच आपली जखम आठवू नये. लाँड्रीत पुढं काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, आणि वाफेच्या पलीकडं, मागच्या खिडकीखाली, त्यांचं स्टूल. त्या खिडकीतून येणारा उजेड ढळला की रफूचं काम थांबायचं. दिव्याखाली काळा आणि निळा धागा सारखाच दिसतो, म्हणून त्या दिव्याखाली सुई धरत नसत.

हे बोलणं त्या कपड्यांपुरतंच ठेवत नसत. गुडघा दुखतो ते चालण्यात दिसत नाही ना, मग झालं. नवरा गेल्यावर घर किती मोठं वाटायला लागलं, ते तोंडावर दिसत नाही ना, मग झालं. आणि थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं, तेही कुणाला दिसत नव्हतं.

भांडण म्हणावं तर एवढंसं. आईच्या मागं तिचं शिलाई मशीन दादाकडं होतं. ते त्यानं शेजारणीला देऊन टाकलं. बहिणीला विचारलंसुद्धा नाही. ज्या मशीनच्या पायट्याशी बसून, चिंध्यांच्या बाहुल्या करत रफूबाई लहानाच्या मोठ्या झाल्या, ते मशीन. फोनवर त्या म्हणाल्या, तुला लोखंड दिसलं, मला आई दिसत होती. दादा म्हणाला, गंजत पडलं होतं, चिमे. मग दोघांनी फोन ठेवला, आणि पुन्हा कुणी उचलला नाही. दोघंही एकाच आईची. एकाचा हट्ट दुसऱ्यापेक्षा कमी कुठून असणार?

तेव्हापासून बहीणभावाची भेट एकाच ठिकाणी व्हायची. लढाईत.

ही लढाई कुठली ते सांगायला हवं. रफूबाईंच्या लेकीला लग्नाआधी एका मोठ्या व्हिडिओ-खेळाचं वेड होतं. त्याचे भागामागून भाग निघालेले: ओसाड किल्ले, शाप मिळालेल्या राण्या, डोंगराएवढे राक्षस, आणि आपण त्यातलंच कुणीतरी होऊन फिरायचं. पण तो खेळायला महागडं यंत्र लागे. पुढं त्याच खेळावरून एक धाकटा खेळ निघाला, फुकट, सोशल मीडियावर चालणारा, साध्या फोनवरही खेळता येणारा. लेकीनं सासरी जायच्या आधी तो आईच्या फोनमध्ये घालून दिला, आणि निरोप घ्यायला मामाकडं गेली तेव्हा मामाच्याही. आईला वैद्यीण केलं, मामाच्या हाती लाकडी ढाल दिली. दोघं मिळून खेळा, म्हणाली, करमेल.

आणि करमलं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून रफूबाई फोन उघडायच्या. लढाईला निघण्याआधी खेळ विचारायचा, सोबतीला कुणाला नेणार? ओळखीतले जे जे खेळणारे, त्यांची चित्रं ओळीनं उभी राहायची. बाईंचं बोट दरवेळी दादावर पडायचं. मग तो यायचा. मान जरा तिरकी करून, ढाल पुढं धरून, वैद्यिणीच्या समोर उभा ठाकायचा. राक्षसाचा पहिला घाव त्याच्यावर. वैद्यीण मागून जखमेवर पाला लावायची, मंत्र टाकायची, तो कोसळला तर उठवायची. अंगातली शक्ती संपली की खेळ म्हणायचा, पैसे भरा, नाहीतर थांबा. बाई थांबायच्या. ज्यांचा जन्म धागा धागा ओढण्यात गेला, त्यांना थांबायला कुणी शिकवावं लागत नाही.

भाऊ बोलत नव्हता, पण रोज येत होता. बाईंना त्यात सगळं मिळत होतं. राग धरून बसला असता तर पुढं होऊन मार खाल्ला असता का? हळूहळू मशीनची गाठ मनातल्या मनात सैल झाली. लेकीचा फोन आला की त्या सांगायच्या, मामा बरा आहे, आजच भेटला. स्वतः मात्र दादाला फोन केला नाही. रोज भेटणाऱ्याला कसला फोन करायचा?

इस्त्रीवाले भाऊही तोच खेळ खेळायचे. त्यांचा गडी कुऱ्हाडवाला. एका दुपारी शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडता शिंपडता त्यांनी बाईंच्या फोनमध्ये डोकावलं आणि हसले. म्हणाले, तुमच्या भावाची ढाल अजून लाकडाचीच? बाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, आमचा दादा जुनं टाकत नाही. म्हणाल्या, आणि त्यांना मशीन आठवलं.

भाऊंना गंमत वाटत होती. त्यांनी सांगितलं, की खेळणाऱ्याच्या हातातलं सामान खेळता खेळता बदलतंच. लाकडाची ढाल जाऊन लोखंडाची येते, मग तिच्या कडेला धार येते, मग सिंहाचं तोंड. ज्याचं काहीच बदलत नाही, त्यानं खेळ कधीच सोडलेला असतो. बाईंनी विचारलं, मग रोज लढायला येतो तो कोण? भाऊ म्हणाले, अहो, माणूस कशाला यायला हवा? आपण बोट ठेवलं की खेळ त्याचं चित्र आणून उभं करतो. माझा मेहुणा घरी घोरत पडलेला असतो आणि इकडं माझ्यासाठी राक्षस मारतो. जागेपणी त्यानं कधी माझी पिशवीसुद्धा उचलली नाही.

ते हसत होते. मग त्यांचं बाईंच्या तोंडाकडं लक्ष गेलं, आणि त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“म्हणजे दादा येतच नव्हता?” बाईंनी विचारलं.

“चित्र येत होतं, बाई.”

बाईंनी तिथंच दादाला फोन लावला. हा नंबर वापरात नाही, असं एक गोड आवाज सांगत राहिला. त्यांनी लेकीला लावला. मामाशी तू कधी बोललीस? लेक गोंधळली. म्हणाली, “अगं, तूच तर सांगतेस ना मला, मामा बरा आहे म्हणून. मी तुझ्याच भरवशावर होते.”

बाईंनी फोन ठेवला. एकटा माणूस. बायको मागंच गेलेली, मूलबाळ नाही. दुसऱ्या गावाच्या टोकाला, गावाला पाणी सोडायचं काम करत पंपाशेजारच्या खोलीत राहणारा. त्याची खबर घेणाऱ्या जगात दोघीच, आणि दोघींना बाईंनीच निर्धास्त करून ठेवलं होतं. समोर एका राखी कोटाचं कोपर अर्धं भरलेलं होतं. अर्ध्या रफूवरून त्या कधी उठल्या नव्हत्या. त्या दिवशी सुई कापडात तशीच खोचून उठल्या.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. चाळा म्हणून हातानं आपसूक खेळ उघडला. सोबतीला कुणाला नेणार? दादा ओळीत उभा होता, मान तिरकी करून. बाईंचं बोट त्याच्यापर्यंत गेलं आणि माघारी आलं. आज त्याला मार बसू नये, असं त्यांना वाटलं. चित्र तर चित्र. त्यांनी फोन बंद करून पिशवीत तळाशी ठेवला.

पंपाची खोली चढावर होती. धापा टाकत त्या पोचल्या तर दाराला कुलूप, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. शेजारच्या घरासमोर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. तिला विचारलं. ती सहज म्हणाली, “ते होय? ते आता नाहीत इथं.”

रफूबाई पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे खाली गेल्या. शेजारीण हातातले कपडे टाकून धावली. अहो, नाहीत म्हणजे तसं नव्हे हो, म्हणत तिनं खांदा धरला. खाली टाकीपाशी राहायला गेलेत, चढ सोसत नव्हता म्हणून. सकाळीच माझ्याशी भांडून गेलेत, नळ उघडा ठेवला म्हणून. चांगले खणखणीत भांडले. ती पाणी आणायला आत धावली. उघड्या दारातून आत आईचं मशीन दिसत होतं, तेलपाणी केलेलं, सुईखाली कसलंसं फुलांचं कापड. रफूबाईंनी ते पाहिलं, पाणी प्यायलं, आणि टाकीकडं जायची वाट कुठली ते विचारलं.

दादा उपड्या बादलीवर बसून व्हॉल्व्हच्या चाकाला ग्रीस लावत होता. पोट सुटलं होतं, केस उडाले होते, मान मात्र तशीच तिरकी. पावलं ऐकून त्यानं वर पाहिलं.

“चिमे?”

बाईंनी पुढं होऊन हातातली पिशवी त्याच्या खांद्यावर हाणली. मग आणखी एकदा.

“एवढ्या लांबून मला मारायला आलीस?”

“मला वाटलं मेलास.”

“तुला न विचारता?” दादा म्हणाला, आणि ग्रीसचे हात लांब धरून उभा राहिला, बहिणीला रडताना कुठं धरावं ते न कळून.

पाण्याची पातळी बघायला वाकला तेव्हा खिशातला फोन टाकीत गेला होता. त्याबरोबर सगळे नंबर बुडाले. नवा फोन बटणांचा, नंबर नवा. तुझा नंबर फोनला पाठ होता, मला नव्हता, तो म्हणाला. आणि असं पाहिलं तर तू रागावलेली. निरोप पाठवायचा आणि तू तोंड फिरवायचं, त्यापेक्षा म्हटलं, राहू दे.

“मी कुठं रागावले होते? रोज तर येत होतास.”

“कुठं?”

मग बाईंनी सगळं सांगितलं. चित्रांची ओळ, लाकडी ढाल, पहिला घाव. दादा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

“म्हणजे मी इथं पंप चालवतोय आणि तिथं मार खातोय?”

“रोज. जेवणाच्या सुट्टीत.”

“मरतो का?”

“पडतोस. मी उठवते.”

दादा हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज आला, मग त्याला ठसका लागला. बाई त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या. पाठ रुंद होती, गरम होती, हसण्यानं हलत होती. किती तरी वेळ त्यांचा हात तिथून निघाला नाही. मग एकाएकी इतकी भूक लागली की दादाच्या डब्यातलं त्यांनी त्याला न विचारता संपवलं.

मग लेकीला फोन लावला. ती मामावर ओरडली, मग आईवर ओरडली, मग रडली, मग म्हणाली मामाला नवा फोन घेऊन देते. मामा म्हणाला, नको बाई, आहे तसं बरं आहे. मी हात न हलवता शूर होतोय ते का बिघडवतेस?

ऊन कलायला लागलं तशा बाई उठल्या. राखी कोटाचं गिऱ्हाईक उद्या यायचं होतं. दादा बसपर्यंत येतो म्हणाला. त्यांनी त्याला बादलीवर परत बसवलं. त्याची पाणी सोडायची वेळ झाली होती आणि खाली अख्खं गाव नळाला लागलेलं असणार. त्याचा नवा नंबर त्यांनी फोनमध्ये घेतला, आणि वर स्वतःच्या तोंडी पाठही केला. दोनदा म्हणून दाखवला. मग निघाल्या.

पायवाट टाकीला वळसा घालून चढावर जात होती. बाई मोकळ्या हातानं, पिशवी हलवत, आकडे पुटपुटत चालल्या होत्या. गुडघ्याची आठवण त्यांना नव्हती. दादा व्हॉल्व्हच्या चाकावर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडं बघत उभा होता, आणि चाक फिरवायचं विसरला होता. चढावर आपल्या दारात शेजारीणही उभी होती. ती एकदा जवळ येणाऱ्या बाईंकडं बघायची, एकदा खाली टाकीकडं, आणि ओरडून विचारायची, की आज गावाला पाणी मिळणार आहे का नाही.