पाळण्यात पाटा

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही भिंत जशी होती तशी सोडलेली नाही. स्वतःच्या घराच्या भिंती संपल्या, म्हणून त्यांनी मुलाचं लग्न आमच्या मुलीशी केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक सोयरीक करताना घराणं बघतात, शेतीवाडी बघतात, मुलीचं शिक्षण बघतात. हे गृहस्थ मुलगी बघायला पुंडलिकनगरला आमच्या घरी आले, एका हातात पोह्यांची बशी घेतली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं सोफ्यामागची भिंत टकटक वाजवून कान देऊन ऐकत बसले. मुलगी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी. तिला काही विचारायचं सोडून त्यांनी मला विचारलं, "हे प्लास्टर कुणी केलं? सुटलंय की." झालं. त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. एरवी गल्लीत कुणाला हार न जाणारी बाई, पण मुलाकडचे म्हटलं की पदर सावरून भिजल्या मांजरासारखी उभी राहायची. सोयरीक प्लास्टरवरून मोडणार, या काळजीनं मला घास जाईना. ह्यांच्या मागं लागून मी ती भिंत खरवडून नवी करून घेतली. लग्नानंतर विहीणबाईंनी सांगितलं, की यांनी त्याच दिवशी रिक्षात बसता बसता होकार दिला होता. म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे. आणि तिथं कामपण भरपूर आहे."

हा नाद त्यांना उतारवयात लागला. उभा जन्म चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरच्या जाळीमागं बसून त्यांनी नट, बोल्ट, पाने, हातोड्या दुसऱ्यांच्या हातात दिल्या. स्वतः कधी एक खिळा ठोकला नाही. हातात आलेली प्रत्येक वस्तू जाळीतून पलीकडं जाताना बघून माणसाच्या मनात काय काय साठत असेल, देव जाणे. निवृत्तीच्या दिवशी सोबतच्या लोकांनी शाल-श्रीफळ आणि एक ड्रिल मशीन दिलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं तर एका भोकात भागलं असतं.

लग्न झालं आणि रविवार हा वार माझ्यासाठी बदलून गेला. सकाळी फोन वाजला की मी आधी भिंतींकडं बघायची. पलीकडून आवाज यायचा, "ईनबाई, घरी हाय ना? जरा येऊन जातो." त्या 'जरा' शब्दाची मला जेवढी धास्ती होती, तेवढी सासूबाईंचीही नव्हती. दारात यायचे ते खांद्यावर रेक्झिनची पिशवी घेऊन, आणि पिशवीतून मशीनचं नाक बाहेर आलेलं. चप्पल काढायच्या आधी नजर भिंतीवर. "इथं एक खुंटी पाहिजे," असं म्हणायचे. आणि मुलीच्या आईनं मुलाच्या बापाला नाही म्हणायचं नसतं, हे मी आईच्या दुधासोबत प्यालेले. मी म्हणायचे, "व्हय भाऊ, मी तेच म्हणत होते." हे वाक्य म्हणून म्हणून मी माझं घर चाळणीसारखं करून घेतलं.

इस्त्रीसाठी त्यांनी बेडरूमच्या दाराला घडीची फळी करून दिली. फळी उघडली की इस्त्री छान व्हायची, पण दार लागायचं नाही. दार लावलं की फळी आपोआप खाली यायची आणि आत असलेला माणूस आतच राहायचा. एकदा आमचे हे आत अडकले आणि मी बाहेरून ढकलत होते, तर व्याही शांतपणे म्हणाले, "तसंच ठेवलंय मी मुद्दाम. चोर आला तर बाहेर कसा पडंल?" त्यांच्या हातून झालेली प्रत्येक चूक ही 'मुद्दाम' असायची. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकीबाहेर लोखंडी स्टँड केला, तो इतका मजबूत की वरच्या कुटुंबाची कुंडी त्यावर पडली तरी हलला नाही. फक्त कूलर त्यात उलटा बसत होता. सगळी गार हवा शेजारच्या काकांच्या ओट्यावर. काका संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचे आणि मला बघून हात जोडायचे. "शेजार राखावा माणसानं," असं व्याही म्हणाले.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कधी येईल सांगून येत नाही आणि आलं की सगळ्यांनी हातातलं काम टाकून त्याची सरबराई करायची. टाकी भरून वाहू नये म्हणून व्याह्यांनी तिला शाळेची जुनी घंटी जोडली. एका भरदुपारी टाकी भरली आणि घंटी सुरू झाली. अख्खी गल्ली रस्त्यावर आली. कुणी आग लागली म्हणालं, कुणी सिलिंडर म्हणालं. घंटी बंद करायची सोयच केलेली नव्हती. शेवटी ह्यांनी टाकीतलं पाणी बादल्यांनी उपसून कमी केलं, तेव्हा ती थांबली. जे पाणी वाचवायचं होतं ते अंगणात, आणि मी त्या चिखलात उभी राहून फोनवर सांगत होते, "व्हय भाऊ, लई छान वाजली."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या घरी. बाळ आठ दिवस आधीच आलं. मुलगी झाली. लेक अजून दवाखान्यात, मी डिंकाचे लाडू वळायला घरी आलेली, आणि दारात व्याही. डोळ्यांत पाणी, खांद्यावर पिशवी. "पाळणा मी करणार," ते म्हणाले. "गावाकडं पिशोरच्या घरचं सागवान ठेवलंय. दुकानातला नको. आणि कडी आजच बसवून जातो."

आमचे हे धीर करून म्हणाले, "पंख्याची कडी आहे ना भाऊ, तिलाच बांधू."

"पंखा काढून? बाळंतिणीला उकडंल." आणि मशीन सुरू.

पहिलं भोक सळईवर जाऊन अडकलं. दुसऱ्याच्या वेळी भाकरीएवढा पोपडा खाली आला, ह्यांच्या खांद्यावर. तिसरं भोक मात्र उकडलेल्या बटाट्यात सुई जावी तसं सरकन आत गेलं. इतकं सहज, की व्याह्यांनी मशीन बंद करून भोकात बोट घालून बघितलं. त्यांनी त्या भोकात सिमेंटचा मसाला भरला, कडी बसवली, खाली उतरले आणि वर न बघता म्हणाले, "बारशापर्यंत हात लावायचा नाय. मुरू द्यायचं."

लेक बाळाला घेऊन घरी आली. आता खाटेवर बाळ, आणि छताला ती कडी. मी बाळाला पाय पसरून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, आणि नजर आपली वर. कडीशेजारी एक केसाएवढी चीर होती. ती आधीपासून होती की नवी, हे मला ठरवता येईना. सकाळी वाटायचं, जुनी आहे. दुपारी वाटायचं, वाढली.

"तुम्ही बोला त्यांच्याशी," मी ह्यांना म्हटलं.

"मी? तू विहीण आहेस. तू बोल."

"मी मुलीची आई आहे."

"मग मी कोण आहे? मुलीचा बापच की."

असे आम्ही दोघं एकमेकांकडं तो चेंडू टाकत राहिलो. लेकीच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "आई, मामांना काही बोलू नको हं." सासऱ्याला ती मामा म्हणते. "गच्चीवर उन्हात बसून पॉलिश करतायत म्हणे रोज. लई मनाला लागंल त्यांच्या." आता बोला. एकीकडं व्याह्यांचं मन आणि दुसरीकडं माझी नात. आणि मधे मी, जिला 'व्हय भाऊ'शिवाय दुसरं वाक्य येत नव्हतं. आजची मी असते तर म्हटलं असतं, भाऊ, उतरवा ती कडी. पण तेव्हाची बाई देवापुढं दिवा लावून कडीसाठी प्रार्थना करत होती. लोखंडाला सद्बुद्धी दे म्हणून.

बारशाच्या दिवशी सकाळी व्याही टेम्पोतून पाळणा घेऊन आले. खरं सांगते, इतका देखणा पाळणा मी बघितला नव्हता. कडांना रंगीत मणी, चार बाजूंना पितळी साखळ्या. एका अंगाला थोडा कलता होता. "डोकं वर राहावं म्हणून," ते म्हणाले, पण या वेळी 'मुद्दाम' म्हणाले नाहीत. पाळणा टांगला. मी हलवून बघायला हात लावला, तर विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, रिकामा पाळणा हलवू नये." तेही खरंच. शास्त्रच होतं ते.

दुपारपर्यंत खोली बायकांनी भरली. लेक हिरव्या साडीत, मांडीवर बाळ. पुरुष मंडळी दाराशी. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, ती पद्धत आमच्याकडंही आहे. वरवंट्याला टोपडं बांधून मी तो आत निजवला. आणि वर कडीतून आवाज आला. कर्र. अगदी बारीक. बायका गाणं म्हणत होत्या, कुणाला ऐकू गेला नाही. मी ऐकला. वरवंट्याला ही कडी करकरते, तर...

लेकीनं बाळ माझ्याकडं द्यायला हात पुढं केले. माझ्या तोंडून निघालं, "थांबा. आमच्या माहेरी आधी पाटा घालतात."

गाणं थांबलं. विहीणबाई म्हणाल्या, "पाटा? पाळण्यात?"

"व्हय. वरवंटा एकटा कसा निजंल? त्याची आई नको का जवळ?"

आमचे हे दारातून बघत होते. माझं माहेर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, माझ्या पाचही भाचरांची बारशी त्यांनी जेवलेली. त्यांनी तोंड उघडलं. मी बघितलं त्यांच्याकडं. त्यांनी मिटलं.

"कधी ऐकलं नाय बाई असलं," एक म्हातारी कुजबुजली. "साग मोडंल की."

तेवढ्यात दाराशी उभे असलेले व्याही म्हणाले, "बरोबर हाय. पाटा पाहिजे." आणि ते सरळ बायकांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले. आमचा पाटा दोन माणसांनी उचलावा इतका जड. तो ते एकटे छातीशी धरून घेऊन आले. कपाळावर घाम. वरवंट्याशेजारी त्यांनी तो टेकवला, पण सोडला नाही. मी पलीकडून हात लावला. ते अगदी हळू म्हणाले, "सावकाश सोडा, ईनबाई."

आम्ही सोडला. साखळ्या ताठ झाल्या. कडीतून चिमूटभर पांढरी भुकटी पडली, ती वरवंट्याच्या टोपड्यावर बसली. मी पाळण्याखाली हात धरला होता. तिथं आधीच एक हात होता. व्याह्यांचा. तो थरथरत होता. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस त्या घरातही कुणाला घास गेला नव्हता.

त्यांनी पाळण्याला झोका दिला. पुन्हा दिला. मग जोरात दिला, इतक्या जोरात की बायका मागं सरकल्या. कडी हूं की चूं करेना. मसाला मुरला होता.

"झालं," व्याही म्हणाले, आणि तिथंच जमिनीवर बसले. "घाला आता माझ्या नातीला."

जेवणाच्या पंगतीत मी त्यांना जिलबी वाढत होते, तर खाली मान घालून म्हणाले, "तुमच्या माहेरची पद्धत चांगली हाय हं, ईनबाई. लई चांगली." मी म्हटलं, "व्हय भाऊ." पुढं या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पण पद्धत गेली की पुढं. व्याह्यांच्या भावकीत त्यानंतर ज्या घरी पाळणा बांधला, तिथं आधी पाटा गेला. एकदा पिशोरला एका बारशाला गेले होते, तर तिथली नव्वदीची आजी मला शहरातली अडाणी समजून समजावत होती, "हे आपल्यात पहिल्यापासून हाय माय. माझ्या सासूनं सांगितलेलं." मी मान डोलावली. मोठ्यांना नाही म्हणू नये.

नात आता शाळेत जाते. व्याह्यांनी स्टुलावर चढणं सोडलं, म्हणजे मुलानं सोडवलं. हात थरथरतो म्हणून मशीन माळ्यावर गेलं. रविवारी फोन येतो, पण 'येऊन जातो' म्हणत नाहीत. तब्येत विचारतात. मी त्या 'जरा'ची वाट बघत असते, हे त्या जुन्या भित्र्या बाईला कुणी सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पुतण्याच्या मुलाचं बारसं होतं. पाळणा दुकानातला, स्टीलचा, खाली स्टँड. व्याही खुर्चीत बसले होते. बाळाला घालायची वेळ झाली तसे म्हणाले, "पाटा आणा." पोरं हसली. पुतण्या म्हणाला, "काका, स्टँडचा आहे हा. टांगलेला नाही. पडायचा प्रश्नच नाही."

मी उठले. म्हटलं, "पद्धत आहे. आणा."

आणला दोघांनी. व्याही काठी टेकत आले आणि त्यांनी पाळण्याखाली हात धरला. मी त्यांच्या हाताशेजारी माझा धरला. पाळणा दगडासारखा स्थिर होता.

"झालं भाऊ," मी म्हटलं.

"थांबा जरा, ईनबाई," ते म्हणाले. "अजून हलतंय."

हलत होता तो त्यांचा हात. खोलीत सगळे खोळंबले होते, बाळ रडायला लागलं होतं. मी हात काढला नाही.

"व्हय भाऊ," मी म्हटलं. "हलतंय. थांबू."