आतोबांच्या वर्गातली देवाची खुर्ची

मूर्ख माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, रोज दाढी करताना एक तर पाहतोच, पण मूर्खपणा हा विषय घेऊन तो दर रविवारी दुपारी दोन ते चार नियमाने शिकवणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती. आतोबा नांदेड स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि स्टेशनामागच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या देवळात तरुणांचा शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा वर्ग, चालवत. तरुण म्हणजे आम्ही पाच जण. त्यात मी, कारण आत्याच्या घरी जेवायला मिळे. आणि शांतवन, कारण त्याला आतोबांची नक्कल करायला ताजा माल लागे. उरलेले तिघे आईबापांच्या धाकाने येत आणि भिंतीला टेकून पवित्र चेहऱ्याने झोपत.

आतोबांचं म्हणणं असं, की शास्त्रात शहाणी माणसं सापडतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मूर्ख मात्र पानोपानी. तेव्हा ज्यांचं पीक जास्त, त्यांचा अभ्यास आधी. वाळूवर घर बांधणारा, दिवे घेऊन निघालेल्या पण तेल विसरलेल्या पाच जणी, आणि धान्य मावेना म्हणून कोठारं पाडून मोठी बांधणारा तो धनवान. ही मंडळी आम्हाला चुलत्या-मावश्यांसारखी पाठ होती. शिवाय आतोबांच्या तोंडी ती यहूदी देशातली राहत नसत. वाळूवर घर बांधणारा गोदावरीच्या पात्रात टरबुजांची वाडी करणारा होता, बापाची इस्टेट उडवून परत आलेला धाकटा मुलगा कंधारचा होता, आणि धनवान लातूरकडच्या मुरुडचा. त्याची कोठारं नव्हती, जमिनीतली पेवं होती. ज्वारी मावेना म्हणून त्याने आणखी खोल पेव खणायला घेतलं, आणि देव म्हणाला, "मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागतील, मग हे कुणाचं?" हे वाक्य आतोबा इतक्या खालच्या आवाजात म्हणत, की झोपलेले तिघेही जागे होत.

प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला आम्ही त्या आठवड्यातला आपापला मूर्खपणा कबूल करायचा असे. शांतवन दर वेळी नवा शोधून आणी. ते सगळे खोटे असत, असा माझा संशय आहे. माझे मात्र अस्सल होते. एकदा मी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या देवळातल्या धर्मगुरूंच्या, पुतणीला चिठ्ठी लिहिली आणि तिच्यापर्यंत पोचवायला विश्वासू माणूस म्हणून खुद्द पाळकसाहेबांच्या हातात दिली. आतोबांनी हे ऐकून बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "बाळ, हा मूर्खपणा शास्त्रात बसत न्हाई. हा तुझा सोताचा हाय."

पण मूर्खपणा हा त्यांच्या विषयाचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे देवाला जागा करणं. आतोबांच्या मते मूर्ख तो, ज्याच्याकडे सगळ्याला जागा आहे आणि देवाला तेवढी नाही. आणि जे शिकवायचं ते करून दाखवायचं, ही त्यांची खोड. जेवताना ते पाव पोट देवासाठी रिकामं ठेवून उठत आणि तासाभराने "आला न्हाई वाटतं" असं म्हणत फडताळातली भाकरी शोधत. टांग्यात बसले की एका कडेला अंग चोरून बसत, शेजारची जागा देवाची. टांगेवाल्याला हे धर्मशास्त्र ठाऊक नसल्यामुळे एकदा त्या जागेवर त्याने एक बोकड चढवला. आतोबा त्या बोकडाशी स्टेशनपर्यंत अत्यंत अदबीने वागले, न जाणो. आत्या म्हणे, "ह्यांच्या मनात देवाला जागा हाय, टांग्यात हाय, पोटात हाय. माझं कपाट ठिवायला घरात जागा न्हाई."

आणि वर्गात होती खुर्ची. आमचं देऊळ सतरंजीचं. पाळकसाहेबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे खाली बसत. सबंध देवळात वेताची एकच खुर्ची होती, कुणी गोरे पाद्री गाव सोडताना ठेवून गेलेली. आतोबांनी ती वर्गात समोर मांडली आणि जाहीर केलं की ही देवाची, इथे कुणी बसायचं नाही. स्वतः ते दोन तास खाली बसून शिकवत, गुडघे धरले तरी. आमच्यापैकी कुणी उठता-बसता खुर्चीला हात लावला, की तोंडातलं वाक्य अर्धवट सोडून ते म्हणत, "ए, तिथं न्हाई. ती देवाची जागा हाय." आणि पुढचं अर्धं वाक्य तिथूनच सुरू करत. दर रविवारी सात-आठ वेळा तरी हे होई, कारण शांतवन मुद्दाम हात लावी.

आता या धर्मवीराची दुसरी बाजू. आतोबा भित्रे होते. साधे नव्हे, जातिवंत. अंगावर बिल्ला दिसला की त्यांचा हात कपाळाकडे जाई. ते पोस्टमनला सलाम करत, कचेरीतल्या पट्टेवाल्याला करत, आणि एकदा जुना खाकी कोट घातलेल्या भंगारवाल्याला त्यांनी वाकून सलाम केला, तेव्हा तो बिचारा आपण काय विकत घेतलं या विचाराने पळून गेला. त्यामुळे पुढे जे झालं ते कुणालाही खरं वाटत नाही.

झालं असं, की मुरुडचे एक पाहुणे एका रविवारी वर्गात येऊन बसले. त्या दिवशी नेमका धनवानाचा धडा होता. पाहुण्यांनी मध्येच विचारलं, "आमच्या मुरुडचा? कोणाच्या घरातला म्हणायचा?"

"त्या रातीच मेला तो," आतोबा म्हणाले. "आता वळखून काय करता?"

पाहुणे गप्प बसले, पण मुरुडला जाऊन गप्प बसले नाहीत. लेव्हीचे दिवस होते. सरकारी माणसं धान्य न्यायला येत, आणि ज्याच्याकडे पेव होतं त्याची झोप आधीच उडालेली होती. गोष्ट दहा तोंडांतून फिरली आणि नांदेडला परत आली ती अशी: स्टेशनामागे एक माणूस पोरं जमवतो आणि मुरुडच्या पेववाल्यांचा आज रात्री जीव घ्यायचा, असं शिकवतो. परवानगीशिवाय चार माणसं एकत्र बसवायची नाहीत, असा हुकूम होताच. उपासनेला परवानगी होती, आमच्या वर्गालाही परवानगी लागते हेच कुणाला सुचलं नव्हतं. पाळकसाहेबांना बोलावणं आलं. परत आले ते थेट आत्याच्या घरी.

"रविवारी अमीनसाहेब जातीनं येणार आहेत," ते म्हणाले. अमीन म्हणजे त्या काळचा फौजदार. "वर्ग बघतील आणि शेरा लिहितील. शेरा बरा आला तर वर्ग राहील. न्हाई तर बंद, आणि तुम्ही कुठं असाल ते देव जाणे."

आतोबा खाली बसले. आत्याला मूलबाळ नव्हतं. दिवसभर पोती मोजून आलेल्या या माणसाला रविवारची ती पाच टाळकी म्हणजे काय होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. जेवण मात्र त्या दिवशी त्यांनी पोटात पाऊण भागाची जागा ठेवून केलं, एवढं दिसलं.

"आणि हे बघा," पाळकसाहेब जाता जाता म्हणाले, "अमीनसाहेबांना सतरंजीवर बसवू नका. त्यांना खुर्ची द्या."

"देतो की," आतोबा तत्परतेने म्हणाले. "देव काय, घरचाच हाय. समजून घील."

शांतवनला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ. अमीन यायच्या आधीच देव उठला." आम्ही दोघे खूप हसलो आणि मग, का कोण जाणे, दोघांनाही वाईट वाटलं. दोन वर्षं त्या खुर्चीवरून बोलणी खाल्ली होती आम्ही.

रविवारी आत्याने खुर्ची धुऊन पुसून तिच्यावर पोपट विणलेली उशी ठेवली. आतोबांनी सकाळपासून तीन वेळा सदरा बदलला. सदरे दोनच होते. अमीनसाहेब आले. वयस्कर, जाडसर, डोक्यावर रुमी टोपी, उन्हाने दमलेले. आतोबांनी दारातच एक, सतरंजीशी एक आणि मध्ये कुठेतरी एक असे तीन सलाम केले. पाळकसाहेबांनी हाताने खुर्ची दाखवली. अमीनसाहेब पुढे झाले आणि बसण्यासाठी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ए, तिथं न्हाई," आतोबा म्हणाले. "ती देवाची जागा हाय."

अगदी रोजच्या आवाजात. पाळकसाहेबांनी डोळे मिटले; ते प्रार्थनेसाठी की अजून काय, सांगता येत नाही. अमीनसाहेबांचा हात खुर्चीवरच राहिला. त्यांना 'ए' म्हणणारा माणूस बहुधा बऱ्याच वर्षांत भेटला नसावा.

"किसकी जगह?" त्यांनी हळू विचारलं.

आतोबांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला होता. आता 'बसा सरकार' म्हणतील, असं मला वाटलं. ते तोंड उघडून नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "खुदा की, सरकार."

अमीनसाहेबांनी त्या खुर्चीकडे पाहिलं, उशीवरच्या पोपटांकडे पाहिलं. मग वाकून बूट काढले, दाराबाहेर ठेवले आणि दाराजवळ सतरंजीच्या कडेला मांडी घातली. "सबक चलने दो," ते म्हणाले.

भीतीने आतोबा त्या दिवसाचा धडा साफ विसरले आणि जो तोंडी होता तोच बाहेर पडला. धनवान. आम्हाला दरदरून घाम फुटला. "एक धनवान होता," आतोबा म्हणाले आणि थांबले. मुरुडचा म्हणायची सोय उरली नव्हती. "समजा, मीच होतो," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की माझ्याकडे ज्वारी झाली, मावेना, मी पेव खणलं, ते भरलं, आणखी खोल खणलं, आणि जीवाला म्हणालो, खा, पी, आराम कर. "आन् देव म्हणाला, मूर्खा, आज रातीच तुझा..." इथे त्यांचा आवाज बसला. आज रात्री आपण कुठे असू, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी शास्त्रातला राहिला नव्हता. तो धडा आम्ही शंभर वेळा ऐकला होता. खरा त्या दिवशी ऐकला.

"फिर?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"फिर क्या, सरकार," आतोबा म्हणाले. "मर गया मैं."

अमीनसाहेब उठले. बूट घातले आणि गेले.

दहा दिवसांनी पाळकसाहेब शेरा घेऊन आले. उर्दूत होता, त्यांनी वाचून दाखवला: उस्ताद सीधा आदमी है, कुछ दीवाना है, सरकार को कोई अंदेशा नहीं, बैठने दिया जाए. वर्ग वाचला. आत्याने शिरा केला. आणि 'जगाच्या नजरेत मूर्ख व्हायला लाजू नका' असं आम्हाला दोन वर्षं बजावणारा हा माणूस, जगाने तसं सही-शिक्क्यासकट लिहून दिल्यावर तीन दिवस खट्टू होऊन बसला. शांतवन म्हणाला, "आतोबा, आता तुम्ही सरकारमान्य झालात." ते हसले नाहीत. आत्या म्हणाली, "जाऊ द्या त्येला. एवढं मनाला लावून का घेऊन राहिले? मी ह्येच इतकी वर्सं म्हणून राहिले, तवा न्हाई रुसले."

पुढे राज्य बदललं, आम्ही पांगलो. आत्या गेल्यावर आतोबा लातूरला पुतण्याकडे राहायला गेले. गोष्ट मात्र आमच्या नातेवाइकांत राहिली आणि वाढली. शांतवन शिक्षक झाला. तो दर लग्नात ती सांगतो. त्याच्या गोष्टीत अमीनाबरोबर सहा शिपाई असतात, बंदुका असतात आणि आतोबा छातीवर हात ठेवून एक छोटं भाषण करतात. ऐकणाऱ्या पोरांचे डोळे मोठे होतात. मी मान डोलावतो.

एकदा लातूरला त्यांना भेटायला गेलो. बाजेवर बसले होते, खूप वाळले होते. मी म्हणालो, "आतोबा, त्या दिवशी तुम्हाला एवढं धैर्य आलं कुठून?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाहीसं पाहून मला जवळ बोलावलं. "कसलं धैर्य बाळ," ते म्हणाले. "मी त्यान्ला 'बसा सरकार' म्हणायला तोंड उघडलं. रातभर घोकलं होतं. पण खुर्चीवर हात दिसला आन् सवयीनं भलतंच निघालं. एकदा निघाल्यावर माघारी कसं घ्यायचं? तुमी पाची जण बघून राहिले होते."

त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "शांतवनला सांगू नको. तो पोरान्ला सांगतो ना ते."

नाही सांगितलं. माझं लिहिलेलं शांतवन कधीच वाचत नाही, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. त्यानंतर वर्षभरात आतोबा गेले. मी शहाण्यासारखा, जपून बोलत जगलो. नोकरीत, घरात, चार माणसांत, कुणाला कधी दुखवलं नाही. माझ्या तोंडून मात्र तसं काही अजून चुकूनही निघालेलं नाही.