तालमीची ओल

मुलीकडं निघायच्या आदल्या दिवशी तालमीच्या पंचांना सांगून टाकलं होतं, पाडा. पेठेतली आमची दगडी तालीम ओलीनं भरली होती, पोरं खोकत होती. माझ्यासारख्या जुन्या गवंड्याचा शब्द म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मी परत आलो की नारळ फोडायचा ठरला.

मुलगी इंग्लंडातल्या एका खेड्यात राहते. ओळीनं मधाच्या रंगाची दगडी घरं, छपरंही दगडाच्याच पातळ फरश्यांची, खाली मोठ्या आणि वर लहान होत गेलेल्या. दारं मात्र इतकी ठेंगणी की पहिल्याच सकाळी कपाळाला टेंगूळ आलं. त्यात इथं साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते, हे कळल्यावर डोकंच फिरलं. घर आपलं आणि हुकूम दुसऱ्याचा, म्हणून मी मुलीवरच ओरडलो.

शेजारचा म्हातारा भिंतीच्या सांध्यांतलं चांगलं घट्ट सिमेंट छिन्नीनं उकरत होता. मला राहवेना. मुलीला मध्ये घालून कारण विचारलं. त्यानं पापुद्रे सुटलेला एक दगड दाखवला. दगडी भिंत ओल घेते आणि चुन्याच्या सांध्यातून बाहेर टाकते, सिमेंटनं ती वाट बंद होते, असं त्याचं म्हणणं. हा मला गवंडीकाम शिकवणार? त्याच्या बायकोनं पुढं केलेलं गार सँडविच तसंच ठेवून मी तरातरा घरी आलो.

राग त्याचा नव्हताच. माझे वडील घाणीत (बैलानं फिरवायच्या दगडी चाकाखाली) चुना मळायचे. तालमीला सिमेंटचा गिलावा केला तो मी. तेव्हा ते म्हणाले होते, "चुना सोडू नगंस. भिंतीला घाम येतोय, तो जाऊ दे." गड्यांसमोर मी त्यांना हसलो होतो. आता ते नाहीत, आणि माझी मलाच शरम वाटत होती.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं दुसरी छिन्नी दिली. आठवडाभर आम्ही सांधे उकरून चुना भरत होतो.

कोल्हापुरात उतरलो तो थेट तालमीत. वस्ताद नारळ घेऊन उभे होते.

"जेसीबीला सांगू न्हवं?"

"नगा. दगड चांगला हाय, वस्ताद. भिंतीची वाट मी लावली. गिलावा काढून चुना भरूया."

वस्तादांनी नारळ खाली ठेवला.

"आमच्या पोरांनी इतकी वर्षं ही ओल छातीत घेतली. आन् तू आत्ता सांगतोस व्हय?"

मी पिशवीतनं छिन्नी काढली आणि दाराजवळचा गिलावा फोडायला घेतला.